कोपऱ्यावरचा बार आणि मावशींचे मतदान

शिकागोत आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एका ग्रीक कुटुंबाचा बार आहे. गेल्या शुक्रवारी मी पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलीसह तिथे जेवायला गेलो. मुलीला तिथले आव्गोलेमोनो सूप फार आवडते. कोंबडीच्या रश्शात तांदूळ मऊ शिजवून, त्यात अंडे आणि लिंबाचा रस फेटून घातला की ते दाट, पिवळसर आणि आंबूस होते. तापातून उठल्यावर आई द्यायची त्या पेजेइतकेच ते पोटाला हलके वाटते. मी यीरो मागवला. उभ्या सळईवर भाजत फिरणाऱ्या मांसाचे पातळ काप पिटा ब्रेडवर येतात आणि सोबत झाझिकी, म्हणजे लसूण घातलेली काकडीची कोशिंबीरच. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी बिअरचा एक ग्लास तासभर पुरवला. रस्त्याकडेची काच स्वच्छ होती आणि आत कोण बसले आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होते.

त्याच आठवड्यात माझ्या मावशींचा फोन आला होता. त्यांच्या गावातील महिलांनी दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदानाची, म्हणजे ‘आडवी बाटली’ची, मागणी केली आहे.

आपल्याकडे हा वाद दोनच टोकांना खेचला जातो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदी हवी म्हणणारे उद्ध्वस्त झालेली घरे दाखवतात, नको म्हणणारे चोरटी दारू आणि बुडालेला महसूल. दोघांचेही खरे आहे. मात्र माणूस कुठे, कसा आणि कोणासोबत पितो, हे कोणी विचारत नाही. आपली परमिट रूम काळ्या काचांआड असते. तिथे बाई गेली तर चर्चा होते, मूल नेण्याचा प्रश्नच नाही, आणि ओळखीचे कोणी पाहत नसल्याने पुरुषाला थांबवणारेही कोणी नसते.

अमेरिकेने 1920 ते 1933 बंदी अनुभवली आणि शिकागोत त्या काळात टोळ्यांचे राज्य फोफावले. बंदी उठल्यावर, 1934 मध्ये, विल्यम सियानिस या ग्रीक स्थलांतरिताने येथे सुरू केलेला ‘बिली गोट टॅव्हर्न’ आजही चीजबर्गरसाठी प्रसिद्ध आहे. तरीही या शहराने लोकांचा नकाराधिकार काढून घेतलेला नाही: एखाद्या मतदान विभागातील रहिवासी आजही मत देऊन आपल्या भागातील दारूविक्री बंद करू शकतात. व्यसनाने मोडलेली कुटुंबे येथेही आहेत, त्यामुळे हे शहर आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. पण उजेडातला, जेवणाचा, घरच्यांसह बसण्याचा बार आणि तो नाकारण्याचा शेजाऱ्यांचा हक्क एकत्र नांदू शकतात, हे मी रोज पाहतो.

मावशींना मी हे सांगितले. त्यांनी विचारले, “तिथं बायका बसतात? लेकरंसुद्धा?” मी हो म्हणालो. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या दुकानापुढून पोरींना शाळेत जाता येत नाही.” त्या गावात माझे मत असते, तर मी ते आडव्या बाटलीलाच दिले असते.