पासवर्ड विसरलात?

“विजेच्या बिलाची आज शेवटची तारीख आहे. पासवर्ड दे,” बायको म्हणाली, आणि माझ्या पोटात गोळा आला.

मूळ कारण माझा मेहुणा. टॉर्चच्या ॲपला तुमची फोनबुक कशाला लागते, असं त्याने एकदा विचारलं आणि मी गप्प झालो. उजेड पाडायला आत्याचा नंबर लागत नाही, हे पटण्यासारखंच होतं. मग मी झपाटलो. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स, फोनवर एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲपांचं दुकान, गप्पांना व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल. (सिग्नलवर मला बोलायला दोघंच आहेत: एक मेहुणा आणि दुसरा मी. त्यातल्या त्यात माझं माझ्याशी बरं जमतं.) आणि पासवर्ड ठेवायला कीपासएक्ससी. फुकट, मुक्त स्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना उघडा), सगळे पासवर्ड आपल्याच डिस्कवरच्या एका फाइलीत कुलूपबंद. किल्ली एकच.

ही किल्ली आपल्या डोक्याने बनवायची नसते, कारण आपलं डोकं फिरून फिरून मुलीचं नाव आणि जन्मसालावर येतं. त्यासाठी डाइसवेअर नावाची पद्धत आहे. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या आकड्यांवरून 7776 शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा. असे सहा शब्द. मी सापशिडीचा फासा घेऊन तीस वेळा टाकला. लेक शेजारी येऊन बसली, दर सहाला टाळ्या वाजवत होती, आणि आपली सोंगटी कुठली म्हणून विचारत होती. शेवटी हाती आलं ते असं: एक प्राणी, एक भांडं, एक कपडा, एक क्रियापद आणि दोन असे इंग्रजी शब्द, ज्यांचे अर्थ मला शब्दकोशात बघावे लागले. एकूण शक्यता 2 वर 23 शून्यं, त्याहूनही थोड्या जास्तच. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

नंतर पंधरा दिवस तापाने लॅपटॉपला हात लागला नाही. आणि आता समोर ती रिकामी चौकट, मागे बायको.

प्राणी आठवला. भांडं आठवलं. सहाच्या सहा शब्द आठवले हो! क्रम आठवेना. भांड्याने प्राण्याला काही केलं होतं, की प्राण्याने भांड्याला?

“मग ‘पासवर्ड विसरलात?’ वर दाब ना,” बायको म्हणाली.

तसं काही तिथे नसतं. नसतं, हेच तर त्याचं वैशिष्ट्य, असं मीच तिला महिन्यापूर्वी छाती फुगवून सांगितलं होतं. पलीकडे कोणी कंपनी नाही, सर्व्हर नाही, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणणारी बाईसुद्धा नाही. तिची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

“पण ह्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो म्हणालास ना?”

असतो. कोणीही वाचावा. ऑगुस्त कर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थाने 1883 सालीच लिहून ठेवलंय की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित काय ते किल्लीत असावं. शत्रूचा विचार त्याने केला. घरमालकाचा नाही.

सहा शब्दांचे क्रम होतात 720. मी वही घेऊन आखणी केली आणि एकेक क्रम टाकून बघायला बसलो. आणखी एक भर: चोराला पटापट किल्ल्या लावून बघता येऊ नयेत म्हणून हे सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी मुद्दाम थोडं रेंगाळतं. साधारण एक सेकंद. मी उत्साहाच्या भरात ते पाच सेकंदांवर नेऊन ठेवलं होतं. म्हणजे नुसतं रेंगाळणंच एक तास, टंकायचा वेळ वेगळा, आणि चुकीचं टंकून खोडलेला क्रम तर धरलेलाच नाही.

त्रेसष्टाव्या प्रयत्नाला आई डोकावून गेली. “ताप पुन्हा चढला का रे?”

शंभरी ओलांडली तेव्हा लेक गृहपाठ टाकून आली. थोडा वेळ माझ्या वहीकडे बघत राहिली.

“बाबा, कपडा आधी नाही येत.”

“तुला काय माहीत?”

तिने सहाही शब्द एका दमात म्हणून दाखवले. चालीवर. एका शब्दावर हेल काढून.

“तू रोज टाइप करताना पुटपुटतोस,” बायको शांतपणे म्हणाली. “मला वाटलं, कसलं तरी स्तोत्र आहे.”

“मलासुद्धा,” आतून आई म्हणाली, आणि तिने तर शेवटचे दोन शब्द माझ्यापेक्षा चांगल्या उच्चारात म्हटले.

मी मुकाट्याने टाइप केलं. पाच सेकंद गेले. उघडलं.

बिल भरून झाल्यावर मी फासा शोधायला उठलो. लेकीच्या हातात तो आधीच होता.

“ह्या वेळी मी टाकणार,” ती म्हणाली. “आणि चाल आजी लावणार आहे.”