चाळीतला वारा कुणाच्या वाट्याला यायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गिरणगावावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपण रागावून लिहिलंय, पण मनापासून लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आपलं म्हणणं असं, की मी मरणाचे आकडे देऊन वाडवडिलांच्या जगण्याचं नुसतं मसण करून टाकलं. पंखे नव्हते, पण समुद्राचा वारा होता, उन्हाळ्यात आख्खी चाळ बाहेर पथाऱ्या टाकून झोपायची, दारं उघडी असायची, हे आपल्या आजोबांनी आपल्याला सांगितलंय. आणि बालमृत्यूचा माझा आकडा आपल्याला साफ खोटा वाटतो.

आधी आकडा. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सहाशेहून जास्त मुलं वर्षाच्या आत गेली, असं मी लिहिलं होतं. नोंद तशीच आहे, पण ती सोडवून सांगायला हवी होती, ते मी केलं नाही. कोकणातल्या बायका बाळंतपणाला गावी जात. मूल जन्मायचं सावंतवाडीकडे नाहीतर चिपळूणकडे, त्याचा जन्म लागायचा तिथल्या दप्तरात. तीन-चार महिन्यांचं झालं की आई त्याला बोटीने घेऊन यायची आणि इथे ते दगावलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. म्हणजे मृत्यू मोजले, जन्म निसटले, आणि प्रमाण फुगलं. ही चूक माझी, आपण टोकलंत ते बरं झालं.

पण त्याच वर्षीच्या नोंदींत आणखी एक हिशेब आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण हजारी ८२८, चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. बाळंतपणाला गावी जाणाऱ्या बायका मुख्यतः एका खोलीतल्याच, त्यामुळे पहिला आकडा जास्त फुगलाय हेही मान्य. तरीही मधलं सगळं अंतर त्यावर ढकलता येत नाही. शहर एकच, हवा एकच, पावसाळाही तोच.

आता वारा. आपले आजोबा खोटं सांगत नव्हते. चाळीत पुढे गॅलरी, त्यामागे एकामागून एक खोल्या. खोलीची मागची खिडकी उघडायची ती घरगल्लीत. दोन चाळींमधल्या त्या अरुंद बोळात मोऱ्यांचं पाणी, वरून टाकलेला कचरा, उंदीर. त्या वासाने खिडकी बारा महिने बंद, वर गोणपाट ठोकलेलं. मग वारा यायचा तो फक्त दारातून. दारं उघडी असण्यामागे शेजारधर्म होताच, पण दार लावलं तर आत जीव गुदमरायचा, हेही होतं. प्लेगनंतर १८९८ साली शहरातली दाटीची वस्ती सुधारायला सुधार ट्रस्ट निघाला, त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पश्चिमेकडून आत काढले, ते समुद्राचा वारा दाटीच्या वस्तीत शिरावा म्हणूनच. वारा घराघरांत आधीच पोचत असता तर त्यासाठी घरं पाडून रस्ते काढले नसते.

आणि बाहेर झोपायचं कोण? १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत वीस-पंचवीस बाप्ये, भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या, जेवण खानावळीत. त्यांना फुटपाथ होता, गॅलरी होती, गच्ची असली तर गच्ची. आपल्या आजोबांची आठवण या जगातली आहे आणि ती खरी आहे.

माझी पणजी परळच्या एका चाळीत राहायची, गिरणीत रिळिंगला, म्हणजे सुताच्या लडी करायच्या खात्यात होती. आजीला मी लहानपणी विचारलं होतं, उन्हाळ्यात तुम्ही पण रस्त्यावर झोपायचात का? ती म्हणाली, "बायल माणसाक भायर खंय निजाक गावता?" पणजी उंबरठ्याला डोकं लावून आडवी व्हायची, म्हणजे दारातला वारा निदान तोंडावर यायचा. पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली. मूल कुरकुरलं की झोपेतच पाय हलायचा. पायाशी चूल, तिच्यातल्या गोवऱ्यांची धग रात्री उशिरापर्यंत जायची नाही. हे सांगताना आजीने स्वतःचा अंगठा हलवून दाखवला होता, तो मला अजून दिसतो.

त्या मुलाला दिवसा गिरणीच्या वेळात शांत ठेवायचं तर बाळगोळी. तिच्यात अफू असायची. माझ्या लेखातल्या या वाक्याने आपल्याला सगळ्यात जास्त लागलं, असं दिसतं. पण त्यात आईची निंदा मी केलेली नाही, करणारही नाही. १९११ च्या कायद्यानंतरही बाईला दिवसाचे अकरा तास कामावर ठेवता येत होतं. मूल सांभाळायला घरात म्हातारं माणूस नसेल तर तिने काय करायचं होतं? बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा मुंबई इलाख्यात आला १९२९ मध्ये. त्याआधी बाळंतिणीचा खाडा बिनपगारी, आणि जागा टिकेलच याची खात्री नाही. या बायकांनी एवढ्यातून मुलं जगवली, त्या मुलांतलीच एक माझी आजी. म्हणून मला त्या घरांबद्दल गोड लिहवत नाही.

बालमृत्यूच्या परिच्छेदात आज सकाळी दुरुस्ती केली आहे, जन्मनोंदीची गोष्ट आता त्यात आली आहे. बाकी लेख तसाच ठेवतोय. आपल्या आजींबद्दल मात्र प्रतिक्रियेत एक ओळही नव्हती. त्या मुंबईला कधी आल्या, रात्री कुठे झोपत, हे आपल्याला किंवा घरात कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.