जॅकेट पटलेलं असतं, पण अंगावर नसतं

"दृष्टिकोन बदला, वागणं आपोआप बदलेल" असं सांगणारा एक संदेश हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोबाईलवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मनापासून पटलं की माणूस तसं वागतोच, वागत नसेल तर त्याची इच्छाच कमी, २१ दिवस चांगला विचार धरला की सवय लागते, आणि नियमाच्या धाकानं केलेलं काही टिकत नाही. पहिले तीन मुद्दे चुकीचे आहेत, चौथा अर्धा खरा आहे. अपयशाचं सगळं खापर माणसाच्या मनावर फुटतं, म्हणून ही चूक आम्हाला किरकोळ वाटत नाही.

"पटलं की माणूस तसं वागतोच." कुठल्याही बंदरावर विचारा, लाईफ जॅकेटनं जीव वाचतो हे न पटलेला खलाशी शोधावा लागेल. तरीही खाडीच्या मुखाशी, जिथे लाट फुटते आणि होडी उलटण्याची भीती सर्वांत जास्त, तिथे बऱ्याच जणांच्या अंगावर ते नसतं. कारण बोटीतच आहे. जाड फोमचं जॅकेट जाळं ओढताना काखेत अडतं, मोकळे पट्टे जाळ्यात गुंततात, उन्हात अंग शिजून निघतं. मग ते दोर आणि जाळ्यांच्या ढिगाखाली जातं आणि ऐन वेळी हाताला लागत नाही.

पटणं आणि वागणं यांतलं हे अंतर फार पूर्वी मोजलं गेलं आहे. रिचर्ड लापियर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. हे १९३४ साली प्रसिद्ध झालं. बोलणं वाईट आणि वागणं चांगलं, असंही होतं तर.

वृत्तीला काहीच किंमत नाही, असं मात्र आम्ही म्हणत नाही. ती नेमक्या कृतीबद्दल विचारली तर उपयोगी पडते. १९७९ सालच्या एका अभ्यासात गर्भनिरोधनाबद्दल स्त्रियांचं सर्वसाधारण मत आणि पुढच्या दोन वर्षांत गोळ्या घेणं यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) जेमतेम ०.०८ निघाला, "येत्या दोन वर्षांत गोळ्या घेण्याबद्दल" मत विचारलं तेव्हा तो ०.५७ झाला. म्हणून "सुरक्षितता महत्त्वाची वाटते का?" हा प्रश्न फुकट जातो. "उद्या पहाटे खाडीतून निघताना जॅकेट घालणार का, आणि ते कुठे ठेवलं आहे?" असं विचारा.

"वागत नाही म्हणजे इच्छाच कमी." हा मुद्दा सर्वांत जास्त दुखावणारा, आणि याचं उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. १९६५ साली येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल माहितीपत्रकं वाचायला दिली. जास्त भीतिदायक मजकुरानं लस घ्यायची इच्छा वाढली, पण केवळ पत्रक वाचून सुमारे ३ टक्के विद्यार्थीच दवाखान्यात गेले. ज्यांना दवाखान्याचा नकाशा दाखवून कधी आणि कोणत्या वाटेनं जाणार ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी नंतर याच गोष्टीला "अमुक झालं की तमुक करीन" असा साचा दिला आणि तो अनेक प्रयोगांत उपयोगी ठरला.

मशेरीचंही तसंच. ती वाईट हे लावणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. पण उठल्या उठल्या निकोटिनची तलफ येते आणि डबी मोरीवरच असते. सोडायची तर घरात तंबाखू भाजणं पूर्ण थांबवावं, डबी घराबाहेर काढावी, त्याच जागी ब्रश ठेवावा, आणि "मोरीवर गेले की आधी ब्रश" एवढंच ठरवावं. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड आणि डोकेदुखी जोरात असते, दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी डबी परत येते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

"२१ दिवस." हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलेल्या निरीक्षणातून आला: बदललेला चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजची नवी कृती सवयीची व्हायला मध्यक ६६ दिवस लागले (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. आणि मोजली गेली ती कृती, नुसता विचार नव्हे.

"धाकानं केलेलं टिकत नाही." मोठा दंडच कारण असेल तर गस्तीची बोट दिसेनाशी झाली की जॅकेट उतरतं, हे खरं. पण फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांचा १९५९ चा प्रयोग याची दुसरी बाजू दाखवतो. कंटाळवाणं काम "मजेचं होतं" असं दुसऱ्याला सांगायला काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर काम खरंच आवडल्याचं १ डॉलरवाल्यांनी जास्त सांगितलं. बाहेरचं कारण अपुरं पडलं की मन कृतीकडे सरकतं. म्हणून बोटीवरच्या माणसांनी आपसात ठरवलेला हलका नियम अधिक मुरतो.

तो असा करता येतो. कॉलर नसलेलं, काखेत मोकळं, कामाचं जॅकेट घ्यावं. केबिनच्या दाराशी माणशी एक खुंटी, तिच्यावर दुसरं काही टांगायचं नाही. तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, आधी स्वतः घालायचं; सगळ्यांचे पट्टे आवळल्याशिवाय इंजिन सुरू नाही. पट्टा सैल राहिला तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यातच राहतं. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवावं; मिठानं बकल अडकतात, उन्हानं कापड आणि पट्टे कुजतात. खुंट्या ठोकणं आणि प्रत्येकानं आपलं जॅकेट घालून कमरेएवढ्या शांत पाण्यात तरंगून पाहणं, ही कामं १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीतच उरकावीत. बंदी उठल्यावर बर्फ, डिझेल आणि जाळी भरण्याच्या घाईत ती राहून जातात.