डिस्क काऊन घेता बाप्पा, डिजिटल घ्या न!

एवढ्या उन्हात नागपुरात बर्डीच्या बाजारात जायचं, गाडी लावायला जागा शोधायची, दुकानदाराशी भाव करायचा आणि गेमची डिस्क घेऊन यायचं, काऊन करून राहिले हे? घरबसल्या कंपनीच्या ऑनलाइन स्टोअरवरून गेम डाउनलोड करा, त्यालाच डिजिटल म्हणतात. सोनीने २०२० मध्येच डिस्क घालायची ड्राइव्हच नसलेला पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, काढला, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसला तर ड्राइव्ह कधी नव्हतीच. तुमच्या चकरा वाचाव्या म्हणून किती जीव तुटतो त्यांचा.

डिस्कची कटकट पाहा. गेम संपला की मामेभाऊ येतो, दे न बे दोन दिवस म्हणतो, आणि दिवाळीनंतर कव्हर परत येतं त्यात भलतीच डिस्क, वर तर्रीचं बोट उमटलेलं. नाहीतर ती विकावी लागते, मग हातात पैसे येतात, ते खर्च करायचं टेन्शन. डिजिटलमध्ये विकता येत नाही, पोट्ट्यांना देता येत नाही, ४९९९ रुपये एकदा गेले की गेले, डोक्याला शांती. डबा नाही, ट्रक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, तरी भाव तोच. आता कंपनीने काय धर्मादाय उघडलाय का?

अन् मालकीचा हट्ट सोडा. तुम्ही गेम घेत नाही, खेळायची परवानगी घेता, कॅलिफोर्नियाने तर २०२४ मध्ये कायदाच केला की स्टोअरने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. उगाच लोकांचा मूड घालवला. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनच्या ऑनलाइन स्टोअरवरची खरेदी बंद केली, जे गेम फक्त तिथेच मिळायचे ते नव्याने घेणाऱ्यांचे पैसे वाचले की नाही?

डिस्कवाल्यांनी पण जास्त उड्या मारू नये. युबिसॉफ्टने मार्च २०२४ अखेर द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा त्याची डिस्क असून नसल्यासारखीच झाली. २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर टू या गेमच्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड करा, आणि मे महिन्यात मधेच लाइट गेली की कूलरही बंद अन् डाउनलोडही बंद. निन्टेन्डोच्या स्विच २ मशीनने तर गेम-की कार्ड आणलं, कार्डात गेमच नाही, तो नेटवरून उतरवायचा. म्हणजे संत्र्याची पेटी घरी आणून फोडावी आणि आत चिठ्ठी निघावी, कळमन्याच्या मंडईतून माल उचला. आणि तेवढं करूनही खेळताना कार्ड मशीनमध्ये लागतंच, हे मला फार आवडलं.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरळ सांगितलं होतं की एक्सबॉक्स वनला २४ तासांतून एकदा नेटवर हजेरी लागेल, जुने गेम विकायलाही अटी राहतील. लोकांनी अशी बोंबाबोंब केली की काही दिवसांतच सगळं मागे घ्यावं लागलं. बिचाऱ्यांनी नुसता सेल लावला असता तर आपणच रांगेत उभे राहिलो असतो, जसे आता आहोत.

तरीही डिस्कच पाहिजे असेल तर पीएस५ स्लिमच्या डिजिटलला वेगळी ड्राइव्ह जोडता येते, जोडा. ती जोडतानाही एकदा नेट लागतंच, तेव्हा लाइट आहे का पाहूनच बसा.