गॅस बारीक करा, दाजी

परवाच्या रविवारी बाणेरला मेहुणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. सकाळी गुरुजींच्या सांगण्यावरून तिने नव्याकोऱ्या शेगडीवर दूध उतू घालवलं. ते पूर्वेच्या बाजूने सांडलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तीन जणांनी व्हिडिओ काढला. दुपारी साडेचारला त्याच शेगडीवर, त्याच पातेल्यात, त्याच पिशवीतलं उरलेलं दूध माझ्या हातून उतू गेलं. सांडलंही पूर्वेलाच. टाळी एकाचीही वाजली नाही.

"दाजी, चहाचं दूध ठेवलंय, तेवढा गॅस बारीक करा ना," असं मेहुणी आतल्या खोलीतून ओरडली होती. माझा गुन्हा इतकाच की मी उठलो. हॉलमध्ये आणखी अकरा माणसं जेवून आडवी पडली होती. त्यांतलं एकही उठलं नाही, त्यामुळे त्यांतल्या एकाचंही काही चुकलं नाही.

आता ती शेगडी. काळ्या काचेची, ओट्यातच बसवलेली, चार बर्नरची. बर्नर चौकोनात, दोन पुढे, दोन मागे. बटणं मात्र पुढे एका ओळीत, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. चारही स्टीलची, गुळगुळीत, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. चार बर्नरांना चार बटणं एकूण २४ तऱ्हांनी जोडता येतात. त्यांतली कुठली तऱ्हा इथे पसंत पडली आहे ते सांगायला प्रत्येक बटणाच्या वर एक खूण आहे. चार टिंबं, त्यांतलं एक भरलेलं. टिंब मोहरीएवढं, रंग काळ्यावर करडा. आणि माझा चष्मा हॉलमध्ये, त्या अकरांपैकी कोणाच्या तरी पाठीखाली.

दूध पुढच्या डाव्या बर्नरवर होतं, म्हणून मी सगळ्यात डावीकडचं बटण दाबून फिरवलं. यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. टक् टक् टक् टक् झालं आणि मागचा डावा बर्नर भप्पकन पेटला. त्याच्या जाळीवर कोणीतरी चहाची गाळणी ठेवली होती, प्लॅस्टिकच्या दांड्याची. तो दांडा माझ्या डोळ्यांदेखत सावकाश वाकला, गुरुजींच्या पाया पडावं तसा. ते बटण घाईघाईने बंद करून मी शेजारचं धरलं. हे बरोबर निघालं. आता बारीक करायचं म्हणजे 'बंद'च्या दिशेने जरासं वळवायचं, असं कोणीही म्हणेल. नळ बारीक करताना आपण तेच तर करतो. मी वळवलं आणि ज्योत दुप्पट झाली.

कारण गॅसच्या बटणात 'बंद'च्या शेजारी 'बारीक' राहत नाही, 'मोठा' राहतो. बंद, मग एकदम मोठा, आणि बारीक पार दुसऱ्या टोकाला. पेटवताना गॅस भरपूर मिळावा म्हणून ही सोय. घरच्या शेगडीवर वीस वर्षं माझा हात हे सगळं मला न विचारता करतो. पण घाबरला की हात डोक्याला विचारायला जातो, आणि डोक्याला यातलं काही ठाऊकच नसतं. ही महादेवाची प्रदक्षिणा आहे. पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. मी बारीकच्या टोकाशी उभा होतो आणि मला ते माहीत नव्हतं. परत फिरलो, वाटेत मोठा भेटला, आणि दुधाने उडी मारली.

मागून एक ओला हात आला. त्याने बटण विरुद्ध टोकाला नेऊन टेकवलं आणि दूध खाली बसलं, म्हणजे जेवढं पातेल्यात होतं तेवढं. तो हात स्वयंपाकाच्या मावशींचा. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायला आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली, पण खातं त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायचं आहे. करपट वासाच्या मागोमाग ते हात पाठीशी बांधून आले आणि साइटवर यावं तसे दारातच थांबले. मेहुणी फडकं घेऊन धावली होती.

"कोणी काही पुसायचं नाही. आधी पंचनामा," आप्पा म्हणाले.

मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि आत हात घालून पाइपच्या गॅसचा पिवळा दांडा आडवा केला.

"मुख्य झडप बंद! आपत्तीत हे पहिलं काम. बघून ठेवा जावईबापू. दांडा पाइपाच्या ओळीत असला की चालू, पाइपाला आडवा असला की बंद. अंधारात नुसता हात लावला तरी कळतं. याला म्हणतात इमानी माल."

त्या दिवशी त्या घरात बोललं गेलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. पण मी मान डोलवायच्या आत पुढचा प्रश्न आला.

"साठा किती होता?"

"कसला?"

"दुधाचा."

"असेल पाऊण लिटर."

"विसर्ग?"

मी बघत राहिलो.

"गेलं किती, जावईबापू? आणि किती वेळात?"

"अर्धा लिटर. दहाएक सेकंदांत."

आप्पांनी डोळे मिटले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर असं काहीतरी पुटपुटले, बोटांची पेरं मोजली. स्वयंपाकघरात आता सात माणसं जमली होती आणि सातही गप्प होती. काचेवरचं दूध कडेने तपकिरी होत होतं. "पॉइंट झिरो झिरो टू क्युसेक," आप्पा डोळे उघडून म्हणाले. "राधानगरी धरणाच्या एका दारातून १४२८ क्युसेक जातं. तुमच्याच्यानं एक पातेलं आवरलं नाही!"

"तिथं किती दारं, आप्पा?" माझ्या साडूने विचारलं. त्याला खरंच कुतूहल होतं की तो मला वाचवत होता, कोण जाणे.

"सात."

"मग बटणंपण सात?"

आप्पा गाळणीकडे बघू लागले. उत्तर दारातून काकूंनी दिलं. "बटणं कुठली आलीत? ती दारं आपोआप उघडतात. पाणी चढलं की उघडायची, उतरलं की मिटायची. हे छत्री घेऊन बघत उभे असायचे."

"बघत?" आप्पा कडाडले. "विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवली, ती काय न बघता? स्वयंचलित म्हटलं की दुप्पट बघावं लागतं!" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून त्यांनी अहवाल पुरा केला. "मूळ दोष पातेल्याचा आहे. त्याला सांडवा नाही. पण शासन पातेल्याला जबाबदार धरत नाही. मानवी चूक असं लिहावं लागेल."

सगळे हसले. सासूबाई तर मायेने म्हणाल्या, "असू दे हो, पुरुषांना काय कळतंय त्यातलं." हे मात्र लागलं. दर रविवारी आमच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करतो, भाकरीसकट. पण हातात वाकडी गाळणी धरून हे सांगता येत नाही.

'मानवी चूक' हे शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून घरी परतल्यावर रात्री एकपर्यंत वाचत बसलो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांत चाकं उचलायची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ सारख्याच दिसायच्या आणि शेजारी शेजारी असायच्या. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक झडपा मिटायला जायचा आणि चाकं मिटायचा. विमान पोटावर बसायचं. शेरा ठरलेला, वैमानिकाची चूक! अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या एका तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना सोडून कळांकडे बघितलं आणि एका कळीला रबराचं छोटं चाक लावलं, दुसरीला झडपेसारखा पाचरीचा आकार दिला. हाताला कळायला लागलं, विमानं पोटावर बसायची थांबली.

याच माणसाने १९५९ साली एका सहकाऱ्याबरोबर चार बर्नरच्या शेगडीचा प्रयोग केला. बटणं तशीच ओळीत ठेवली, फक्त मागचे बर्नर पुढच्यांपासून जरा बाजूला सरकवले, म्हणजे प्रत्येक बटण आपापल्या बर्नरच्या सरळ रेषेत आलं. त्या मांडणीवर लोकांनी एकही चूक केली नाही. एकही! या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली आणि बाणेरमध्ये अजून चौकोन आहे.

म्हणजे हे कोणाला माहीत नाही असं नाही. कोणाला पडलेली नाही. आता नळाचंच घ्या. नळ उजवीकडे फिरवला की पाणी कमी होतं, रेडिओचा कान उजवीकडे पिळला की आवाज वाढतो. नळात आटे असतात, पिळलं की वायसर खाली दाबला जातो, त्यामुळे त्याचं बरोबर. रेडिओत आटे नाहीत, घड्याळाचा काटा पुढे जातो तसा आवाज पुढे जातो, त्याचंही बरोबर. भावकीसारखंच आहे, प्रत्येकाचं बरोबर, फक्त एकत्र बसायचं नाही. आमच्या छताच्या पंख्याचा रेग्युलेटर शून्य, एक, दोन, तीन असा चढतो. उभ्या पंख्याची बटणं शून्य, तीन, दोन, एक अशी आहेत, त्यामुळे पाहुण्यांनी हळू लावायला जावं आणि पेपर उडावा हे ठरलेलं. आपल्याकडे दिव्याचं बटण खाली केलं की चालू, अमेरिकेत वर केलं की चालू. माझा भाचा न्यू जर्सीहून येतो तेव्हा पहिले चार दिवस संडासाबाहेरचं बटण वर बघून आत शिरतो, आत अंधार, आणि त्याला वाटतं मामाकडे लाइट गेली.

गाडीचं तर विचारूच नका. देशी, जपानी, कोरियन गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. बहुतेक युरोपियन कंपन्यांच्या गाड्यांत डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला वायपर. एका मित्राची तसली गाडी घेऊन मी भर मे महिन्यात कर्वे रस्त्यावर वळलो, वायपर घासत. मागचा रिक्षावाला काच उतरली की म्हणाला, "काका, पाऊस कुठल्या बाजूला वळणार हाय?" तेव्हाही चूक माझीच होती. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बाकी बहुतेक दुचाक्यांना उलट. वडिलांची बुलेट चालवून मित्राच्या गाडीवर बसलो आणि ब्रेक म्हणून जे दाबलं ते... जाऊ दे. तो डाग नडगीवर आहे.

सांगायचं हे की दर वेळी शिकायचं आपणच. बटण कधी शिकत नाही. आणि नव्या वस्तूत तर बटण दिसणंच कमीपणाचं झालंय. नाव लिहायचं नाही, रंग द्यायचा नाही, उंचवटा ठेवायचा नाही. दोन लाखांचं स्वयंपाकघर, आणि कुठलं बटण कशाचं ते ओळखायला भिंग.

चहा अखेर मावशींनी साडूच्या जुन्या इंडक्शनवर केला, गाळायला सुती रुमाल. मी शरमेने कप विसळायला उभा होतो. त्यांना म्हटलं, "तुम्हाला बरं एका झटक्यात कळलं बटण." त्या पाच घरी जातात. पाच घरांत पाच शेगड्या, एकीसारखी दुसरी नाही.

"टिकली लावते ना मी," त्या म्हणाल्या. "पुढच्या बर्नरला मोठी, मागच्याला बारीक. इथंबी लावलेल्या पहिल्याच दिवशी. ताईंनी काढायला लावल्या. लुक जातो म्हन्ल्या."

मी वाकून बघितलं. डावीकडून दुसऱ्या बटणावर टिकलीच्या गोंदाचा एक अर्धवट गोल अजून चिकटलेला होता.

निघताना मला वाणाची पिशवी मिळाली. त्यात नारळ, ब्लाउजपीस आणि टिकल्यांचं पाकीट. पाकीट मी गुपचूप मावशींच्या हातात दिलं. त्यांनी ते हसून कमरेला खोचलं.

रात्री पावणेदहाला मेहुणीचा फोन. "दाजी, गॅसच येत नाहीये! चारही बटणं फिरवून बघितली, नुसतं टक् टक् होतंय. तुम्ही दुपारी काही बिघडवलं नाही ना?"

मी म्हटलं, "ओट्याखालचं कपाट उघड. पिवळा दांडा आहे, आप्पांनी बंद केलेला, तो फिरव."

खुडबुड ऐकू आली. मग आतूनच, घुमणाऱ्या आवाजात तिने विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"पाइपाच्या ओळीत."

"इथे तीन पाइप आहेत."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग विचारलं, "मावशी सकाळी किती वाजता येतात?"