बिनआवतनाचा फोटू

आज सकाळी साडेनऊला, दुकानात हरभऱ्याच्या बियाण्यासाठी सहा-सात माणसं उभी असताना, आबाजींनी माझ्याकडे साडेचार रुपये मागितले. मागितले म्हणजे तगादाच लावला. ज्या माणसाकडे माझ्या कृषी केंद्राची 17 हजारांची उधारी आहे, त्यानं टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "माह्या तोंडाचे पैसे दे."

हा तोंडाचा व्यवहार काय, ते आधी उरकतो. मला फोटोंचा नाद आहे. चार वर्षांपूर्वी खरिपाच्या नफ्यातून सेकंडहँड कॅमेरा आणि एक लांब लेन्स घेतली, घरी आकडा अर्धाच सांगितला. यंदाच्या पोळ्याला तोरणाखाली आबाजी आणि त्यांचा ढवळा असा एक फोटो साधला. बैलाला बाशिंग, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. आबाजींच्या तोंडात चार दात, आणि चारही हसताहेत. असा फोटो वर्षातून एखादा. तो मी एका परदेशी साईटवर विकायला टाकला. तिकडून उत्तर आलं की माणसाचा चेहरा ओळखू येतो, त्याचं सहीचं संमतीपत्र जोडा.

संमतीपत्र दोन पानी आणि इंग्रजीत. त्याची प्रिंट घेऊन मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो, इथेच चुकलं. असली कामं घरी जाऊन, दार लोटून करायची असतात. टपरीवर कागद निघाला की तो गावाचा होतो.

"कायचा कागद हाय?" आबाजींनी लांबूनच विचारलं. हात लावला नाही. कधी काळी साळ्याच्या मोटारपंपाच्या कर्जाला जामीन राहिले होते. साळा गेला सुरतेला आणि पंप गेला विहिरीत. तेव्हापासून ते लग्नपत्रिकासुद्धा दुसऱ्याला उघडायला लावतात.

"फोटोचा आहे, आबाजी. पोळ्याच्या. परदेशात विकायचा तर तुमची सही लागते."

"फोटू तुहा, सही माही काहून?"

प्रश्न वकिली होता. मी समजावून सांगितलं. कॉपीराइटचा 1957 चा कायदा आहे, त्यात फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, तो जिवंत असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढे 60 वर्षं. पण चेहरा तुमचा, तो उद्या कोणी जाहिरातीत वापरला तर तुमची परवानगी नको का?

"मेल्यावरबी साठ वर्स तुहा हक्क. आन माहा?"

"तुमचा... तसा नाही."

"तोंड माहं, हक्क तुहा." त्यांनी बशीतला चहा ओढला. "माह्या आज्याच्या जमिनीचंबी असंच झालं होतं."

एवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायानं तोंड घातलं, "मंग बैलाचीबी सही लागन का?" सगळे हसले. मी हसून सोडायला हवं होतं. पण नादिष्ट माणसाला माहिती दाबता येत नाही. मी सांगितलं, थट्टा करू नका, असा खटला खरंच झालाय. 2011 मध्ये इंडोनेशियात एका माकडानं फोटोग्राफरचा कॅमेरा हातात घेऊन स्वतःचेच फोटो काढले. मग हक्क माकडाचा की माणसाचा, म्हणून अमेरिकेत भांडण गेलं. 2018 मध्ये अपिलाच्या कोर्टानं सांगितलं, जनावराला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही.

टपरी गप्प झाली. आबाजी बराच वेळ बशीकडे बघत राहिले.

"म्हंजे माकडानं सोता काहाडला तरी माकडाले नाई. तुवा काहाडला तं बैलाले नाई. आन तोंड माहं असून मले नाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी कोनाच्या रांगेत हाय मंग?"

याला उत्तर कायद्यात सापडत नाही. मी कागद पुढे सरकवला.

पहिला रकाना जन्मतारखेचा. आबाजींना ती ठाऊक नाही. एवढंच पक्कं की 72 च्या दुष्काळात ते खडी फोडायला जात होते आणि मिशी फुटली होती. आधार कार्ड काढलं तर त्यावर 1 जानेवारी. आमच्या गावातली अर्धी म्हातारी माणसं 1 जानेवारीलाच जन्मली आहेत. सरकारी दप्तरात त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसेल.

पुढचा रकाना वंशाचा. भरायचा तर भरा, नाही तर सोडा, असं तिथे लिहिलेलं होतं, पण मी ते मोठ्यानं वाचलं आणि फसलो.

"वंश म्हंजे जात का?" शिपाई.

"जात नाही. म्हणजे... आशियाई, आफ्रिकी, असं."

"तरी दाखला लागनच. पडताळनी झाल्याबिगर कोनी धरत नाई आता."

यावर टपरीवरच्या दोघांचं भांडण लागलं. त्यातल्या एकाच्या मुलीची पडताळणी कॉलेज सुरू होऊन वर्ष झालं तरी अडकलेली होती. तो परदेशी साईटला, मला आणि तहसीलला एकाच दमात शिव्या देऊन उठून गेला. साक्षीदार म्हणून मी त्याचीच सही घेणार होतो.

शेवटी मुद्द्याचं निघालं. "केवढ्याले जाते फोटू?"

"एका वेळेला 10 सेंट. म्हणजे आपले 9 रुपये धरा."

"नऊशे?"

"9."

टपरीवाल्यानं गाळणी थांबवली. "चहा धाले हाय, भाऊ."

मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस उदार होतो. मी म्हटलं, आबाजी, जेवढ्या वेळा खपेल तेवढ्या वेळा अर्धे तुमचे. साडेचार. त्यांनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"एक सांगू का, बाप्पा? पोया आला की आदल्या दिशी आपन बैलाचे खांदे शेकतो. त्याच्या कानात सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलालेबी आवतन देते मानूस. आन तू मले न ईचारता फोटू काहाडला, विकाले टाकला, आन आता कागद घेऊन आला."

यावर बोलायला काही नव्हतं. त्यांनी सही केली. चौथी शिकलेल्या माणसाची सही, एकेक अक्षर कोरलेलं, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, रेघ मारून खाली गावाचं नावसुद्धा. तेवढ्यात दोन एस.टी. निघून गेल्या.

लोकांना वाटतं फोटो काढणं हे काम. काढायला काय, बोट दाबलं की झालं. खरी मजुरी पुढे. माझ्याकडे चार वर्षांचे 41 हजार फोटो आहेत, त्यातले हजारभर तर एकाच नीलकंठाचे, जो आमच्या शेतातल्या तारेवर बसतो आणि मी जवळ गेलो की पुढच्या खांबावर जातो. दसऱ्याला नीलकंठ दिसला की शुभ म्हणतात. मला तो रोज दिसतो आणि रोज पाठमोरा. टिपेश्वर अभयारण्यातला वाघ 2019 मध्ये गळ्यात माग काढायचा पट्टा घालून पाच महिन्यांत 1,300 किलोमीटरच्या वर चालत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, वाटेत कितीक गावं लागली. तोच टिपेश्वर माझ्याच जिल्ह्यात असून मी तीनदा पैसे भरून गेलो आणि नीलगाय बघून आलो.

तर हे 41 हजार फोटो लावून ठेवायचे. जाणकार सांगतात की तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. मी नियम पाळला. एक प्रत दुकानातल्या लॅपटॉपवर, म्हणजे कीटकनाशकांच्या शेजारी. दुसरी हार्ड डिस्क घरी गव्हाच्या कोठीत, म्हणजे मुंग्यांकडे. तिसरी अमरावतीला साळ्याकडे, घराबाहेरची म्हणून. त्यानं ती पुसून त्यावर स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ भरला. (आबाजींचा आणि माझा या साळ्यांच्या बाबतीत योग जुळतो.) मग प्रत्येक फोटोला इंग्रजीत शब्द जोडायचे, 50 पर्यंत. बैलाला 'बुल' लिहू की 'ऑक्स' की 'बुलॉक', यावर माझी एक रात्र गेली. झूल, बाशिंग, आवतन यांना तिकडे शब्दच नाहीत. मी 'डेकोरेशन' लिहून मोकळा झालो आणि उगाच अपराधी वाटलं. नेट दिवसा चालत नाही, म्हणून फोटो चढवायचे रात्री. आमच्याकडे ओलिताची लाइनही रात्रीच येते. लोक शेतात दारं धरत असतात, मी गच्चीवर फोन धरून असतो. दोघांनाही अर्ध्यातून लाइट जाण्याची सवय आहे.

फुकट वाटायचे म्हटले तर घेणारे भरपूर. गावाच्या ग्रुपवर पळसाचा फोटो टाकला, त्यावर अकरा अंगठे आले. चार दिवसांनी तोच फोटो कोपऱ्यातलं माझं नाव कापून, वर गुलाब आणि 'शुभ सकाळ' चिकटवून, मावसभावानं मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, "याला म्हणतात फोटो. शिक काही."

असो. संमतीपत्र जोडलं, बैल पाठवला. परवा रात्री उत्तर आलं, नामंजूर. कारण काय, तर मुख्य विषय फोकसमध्ये नाही. मी लॅपटॉपवर फोटो पुरा मोठा करून पाहिला. ढवळ्याच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्या. आबाजी मात्र पाण्याखाली उभे असल्यासारखे. फोकस बैलाच्या डोळ्यावर बसला होता, मी चार दातांना भुललो. चूक माझी, मान्य. पण मग मला राग येतो तो याचा, की आधी चेहरा ओळखू येतो म्हणून सही मागायची आणि सही मिळाल्यावर चेहरा धूसर म्हणून परत करायचं? हे मी कुठेतरी पाहिलंय. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. तो मिळतो ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर. त्याच्या वर कटौती, आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. रात्रभर रांगेत दव खात उभी राहिलेली गाडी सकाळी ओली निघते, आणि ओली का म्हणून शेतकऱ्यालाच विचारतात. माझा फोटो तसाच निघाला. माल माझा, माप त्यांचं, आणि चाळणीत काय अडकलं हे ठरवणारा माणूस मला कधी दिसणार नाही.

तर आज सकाळी हे सगळं आबाजींना सांगायची वेळ आली, तीही हरभऱ्याच्या गिऱ्हाइकांसमोर.

"खपला नाही, आबाजी. त्यांनी घेतलाच नाही."

"काहून?"

"तुम्ही जरा... धूसर आलात."

"आन बैल?"

"बैल चांगला आलाय."

कोणीतरी फिसकन् हसलं. आबाजी हसले नाहीत. "दाखव मंग, कोनता खपते तो."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. तीन वर्षांत माझ्या फोटोंची एकूण विक्री 43. त्यातले 31 एकाच फोटोचे आहेत: भेगाळलेली काळी जमीन, वर पांढरं आकाश. पळस, पोळा, कापूस वेचणाऱ्या बाया, यातलं काहीच फारसं कोणाला नको. विदर्भ म्हटलं की तिकडच्यांना भेग लागते. मी तो फोटो फोनवर उघडला.

आबाजींनी फोन हातभर लांब धरला. मग जवळ. "हे तं माहं वावर व्हय. नाल्याकडचं. हा पाह्य बाभयीचा बुंधा."

होतं. मी विसरलो होतो.

"एप्रिलातलं दिसते." त्यांनी बोटानं भेग मोठी केली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर पोळ्याचं हसू आलं. "हातभर भेग हाय, पाहा बे पोट्टेहो. अशी जमीन आजूबाजूच्या तीन गावात नाई. हलक्या जमिनीले भेग पडते का? भेगात वरची माती पडते, आतल्या आत उलथापालथ होते. देव नांगरते हे. त्या साली याच वावरात एकरी अकरा क्विंटल झाला होता कापूस." मग माझ्याकडे वळून, "कायले घेते हा फोटू लोकं?"

मी खरं सांगितलं. "दुष्काळ म्हणून."

त्यांनी फोन परत दिला. थोडा वेळ बोलले नाहीत. मग मागे सरकून युरियाच्या बॅगेवर टेकले, गुडघे पोटाशी घेतले आणि एक हात कपाळावर मारून मान खाली घातली.

"असं बसू का? याचे किती भेटन?"

दुकान हसलं. मीही हसलो. कॅमेरा काउंटरखालीच होता, आणि दारातून तिरपा उजेड नेमका त्यांच्या हातावर पडला होता. मी कॅमेरा काढला नाही, पण उजेड दिसला, हे कबूल करतो.

आबाजी उठले, टोपी झटकली. "किती डाव खपलं माहं वावर?"

"31."

"साडेचारनं?"

नुसत्या मातीला सही लागत नाही, वाटा लागत नाही, असं मी सांगायला तोंड उघडलं. पण मागून एका पोरानं फोनवर गुणाकार करून टाकला होता, "एकशे एकोनचाळीस पन्नास!" आणि सहा माणसं माझ्याकडे बघत होती, ज्यातल्या पाच जणांच्या वावरातून मी कधी ना कधी न विचारता फोटो काढले आहेत.

उधारीची वही उघडली. तारीख घातली. कशाचे जमा म्हणून लिहू, ते कळेना. आबाजी म्हणाले, "भेगाचे लिव." लिहिलं, भेगा, 140 रुपये जमा. पन्नास पैसे त्यांनी वर चढवायला लावले, सुटे नाहीत म्हणून.

साईट 25 डॉलर झाल्याशिवाय पैसे सोडत नाही. माझे झालेत 4 डॉलर 30 सेंट. आबाजी जाताना हरभऱ्याच्या दोन बॅगा घेऊन गेले. उधारच.