बाटलीवरचं ‘ह्यूमन’ म्हणजे माणसाला टोचायचं नव्हे, मामा

गोव्यातल्या सावईवेऱ्याहून मामाचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. “गो, तू लॅबमध्ये असतेस ना, तुला ती चरबीची अँटिबॉडी स्वस्तात मिळेल?” मग त्याने मेसेज पाठवला. या आठवड्यात तो मला तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘एटीजीएल अँटिबॉडी चरबी वितळवणारं एन्झाइम शोधून चालू करते. बाटलीवर ह्यूमन लिहिलंय, म्हणजे माणसांसाठीच. सशापासून बनवलेली, नैसर्गिक, अपाय शून्य. शास्त्रज्ञांनी तपासलेली. इन्सुलिनच्या सुईने पोटात टोचा, फॅटी लिव्हर दीड महिन्यात साफ. डॉक्टर हे लपवतात. फक्त 4,999.’

मामाला मधुमेह आहे. सुया घरातच आहेत. बांगडे तसेच ठेवून लिहायला बसले.

एन्झाइम खोटं नाही. एटीजीएल हे 2004 मध्ये सापडलेलं लायपेज, म्हणजे चरबी फोडणारं एन्झाइम. पेशीत साठलेल्या चरबीतून, म्हणजे ट्रायग्लिसराइडमधून, पहिलं मेदाम्ल सुटं करायचं, हे त्याचं काम. पण अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला धरणारं दुसरं प्रथिन. ती एन्झाइमला चालू-बिलू करत नाही, नुसती चिकटते. लॅबमध्ये आम्ही पेशी फोडतो, त्यातली प्रथिनं जेलवर वेगळी करतो, कागदासारख्या पडद्यावर उतरवतो आणि त्यावर ही अँटिबॉडी हजारपट पातळ करून ओततो. सगळं जमलं तर 55 किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास एक रेघ उमटते. एन्झाइम नमुन्यात आहे, एवढंच ती रेघ सांगते. ‘ह्यूमन’चा अर्थही तेवढाच: माणसाचं प्रथिन ओळखते, उंदराचं ओळखेलच असं नाही.

बरं, टोचलीच तर? एटीजीएल असतं पेशीच्या आत, अँटिबॉडी राहणार बाहेर. आणि चमत्कार होऊन ती आत शिरली, एन्झाइमला धरून बसली, तर चरबी फोडणाराच अडकला ना! 2006 मध्ये हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या हृदयात चरबी साचली आणि ते लवकर मेले. माणसातही हे एन्झाइम जन्मतः बिघडलेलं असलं तर स्नायूंत चरबी साठते. मेसेज लिहिणाऱ्याने औषधही उलट्या दिशेचं निवडलंय.

आता सशाचं. मला खरा संताप याच ओळीचा आला. मामा, तुझं कुळागर आहे, सुपारी-नारळाची बाग, सर्पदंश तुला मी सांगायला नको. सापाच्या विषावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचं असतं. ते देताना डॉक्टर ॲड्रिनालिन, म्हणजे जोराची रिॲक्शन आवरणारं औषध, हाताशी का ठेवतात? परक्या प्राण्याचं प्रथिन अंगात गेलं की काहींना तिथल्या तिथे रिॲक्शन येते, काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी. या दुसऱ्या प्रकाराचं वर्णन फॉन पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी 1905 मध्येच करून ठेवलंय. तिथे जीव वाचवायचा असतो म्हणून धोका पत्करतात, तोही इस्पितळात. तू काय पोटाच्या वळीसाठी घरच्या सोप्यावर बसून पत्करणार? त्यात लॅबची बाटली टोचण्यासाठी निर्जंतुक केलेली नसते. टिकावी म्हणून बहुतेकदा तिच्यात सोडियम अझाइड असतं, म्हणजे पेशींचं श्वसन बंद पाडणारं विष. प्रमाण नगण्य असतं, तेवढ्याने कोणी मरेल असं मी म्हणत नाही. पण ‘नैसर्गिक’?

‘शास्त्रज्ञांनी तपासलेली.’ हो, तपासतात, आणि निकाल काय येतो ते ऐक. 2023 मध्ये ‘ईलाइफ’ या संशोधन नियतकालिकात एक मोठी तपासणी छापून आली. 65 प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या 614 अँटिबॉडी घेतल्या होत्या. अर्ध्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या प्रयोगात नापास झाल्या. ती प्रथिनं मेंदूशी संबंधित होती, चरबीशी नव्हेत, पण बाजार तोच. आम्ही स्वतः महागडी बाटली आणून चार-चार आठवडे भलत्याच रेघा बघितल्यात. आणि त्या बाटल्या 4,999 ला मिळत नाहीत, त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. मग या स्वस्त बाटलीत काय आहे, देव जाणे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. अँटिबॉडीची औषधं असतात, कोलेस्ट्रॉलवरचीसुद्धा. अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब यांना 2015 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि ती त्वचेखालीच टोचतात. पण ती सशाची नव्हे, मानवी घडणीची अँटिबॉडी, माणसांवर चाचण्या होऊन आलेली. ती पीसीएसके9 या रक्तातल्या प्रथिनाला धरतात, त्यामुळे वाईट कोलेस्ट्रॉल उतरतं. पोट नाही उतरत.

राहिलं ‘डॉक्टर लपवतात’. अशा बाटल्यांवर ‘फक्त संशोधनासाठी, निदान वा उपचारासाठी नाही’ असं छापलेलं असतं. मेसेजमधला फोटो मोठा करून बघ. बाटली धरणाऱ्याचा अंगठा नेमका लेबलाच्या खालच्या ओळीवर आहे.

रविवारी येते. सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून ठेव. आणि हा मेसेज मामीच्या ग्रुपवर टाकला असशील तर आधी तिथून काढ.